तक्रारीची वाट : सॅन फ्रान्सिस्कोच्या सदाचार आयोगाची कार्यपद्धती

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निवडणूक संपते, गुलाल धुतला जातो, मंडप उतरतात. परंतु एक काम मागे उरते. ते म्हणजे खर्चाच्या हिशेबाचे. आपणांपैकी ज्यांनी निवडणूक लढविली आहे, त्यांना निकालानंतर तीस दिवसांच्या आत हा हिशेब सादर करावा लागल्याचे स्मरत असेल. कागद दिला, पोच घेतली, की बहुधा तो विषय तेथेच मिटतो. पण त्या हिशेबात काही लपविले आहे असे एखाद्या नागरिकाला वाटले, तर त्याने कोणाकडे जावे? त्याचे म्हणणे कोणी तपासावे? आणि ज्याच्याकडे त्याने बोट दाखविले, त्याची बाजू कोणी ऐकावी? हे तीन प्रश्न जगातील प्रत्येक लोकशाहीपुढे आहेत. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या शहराने त्यांना जे उत्तर दिले आहे, त्याचा परिचय आज करून द्यावयाचा आहे. ते उत्तर निर्दोष आहे असे नाही. किंबहुना त्यातील उणिवाही आपल्याला बरेच काही शिकवून जातात.

आयोगाची स्थापना

अमेरिकेत १९७२ ते १९७४ या काळात वॉटरगेट प्रकरण गाजले आणि राजकारणातील गुप्त पैशाविषयी जनतेत चीड निर्माण झाली. कॅलिफोर्निया राज्यातील मतदारांनी १९७४ साली थेट मतदानाने एक राजकीय सुधारणा कायदा मंजूर केला आणि त्यातून राज्य पातळीवर निवडणूक निधीवर देखरेख करणारा आयोग उभा राहिला. पुढे मोठ्या शहरांना वाटू लागले की, आपल्या नगरकारभारासाठी आपला स्वतंत्र पहारेकरी असावा. लॉस एंजेलिस शहराने १९९० साली असा आयोग स्थापन केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी नोव्हेंबर १९९३ च्या मतदानात तसाच निर्णय घेतला. इंग्रजीत या संस्थेला ‘एथिक्स कमिशन’ म्हणतात. आपण तिला सदाचार आयोग म्हणू.

सॅन फ्रान्सिस्को हे शहर आणि जिल्हा असे दोन्ही एकच आहे. त्याचा महापौर थेट लोकांनी निवडलेला असतो आणि अकरा प्रभागांतून निवडून आलेल्या अकरा सदस्यांचे सुपरवायझर मंडळ हे तेथील विधिमंडळ होय. सदाचार आयोगाची तरतूद शहराच्या सनदेतच आहे. सनद म्हणजे त्या शहराची जणू राज्यघटना. ती बदलावयाची तर मतदारांचाच कौल घ्यावा लागतो. आयोगाचा निर्णय गैरसोयीचा वाटला म्हणून एका बैठकीत ठराव करून त्याला घरी पाठविता येत नाही.

आयोगावर पाच सदस्य असतात आणि त्यांची नियुक्ती पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून होते. महापौर, सुपरवायझर मंडळ, शहराचा विधी अधिकारी, जिल्ह्याचा सरकारी अभियोक्ता आणि मालमत्तेचे करमूल्य ठरविणारा अधिकारी, असे हे पाच नियुक्तिकर्ते होत. करमूल्य अधिकाऱ्याने नेमावयाच्या सदस्याला निवडणूक निधीच्या व्यवहाराची माहिती असावी आणि विधी अधिकाऱ्याने नेमावयाच्या सदस्याला शासकीय सदाचाराच्या कायद्याचा अभ्यास असावा, असेही सनद सांगते. मुदत सहा वर्षांची असते आणि पूर्ण मुदत एकदाच मिळते. त्यामुळे पुन्हा नेमणूक व्हावी म्हणून कोणाची मर्जी राखण्याचे कारण उरत नाही. सदस्य असताना शहराची नोकरी करता येत नाही, तसेच शहराच्या निवडणुकीत कोणाच्याही प्रचाराला हात लावता येत नाही. न्याय करणाऱ्याने आखाड्यात उतरू नये, हा साधा नियम येथे कायद्याने बांधून घातला आहे.

तक्रार कशाविषयी असते

तक्रारीची वाट समजण्यासाठी आधी तेथील कायद्याचा गाभा समजला पाहिजे. आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा असते. अमेरिकेत तसे करता येत नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ‘बकली विरुद्ध व्हॅलेओ’ या खटल्यात असे ठरविले की, देणगीवर मर्यादा घालता येईल. परंतु प्रचारासाठी खर्च करणे हा मतस्वातंत्र्याचा भाग असल्यामुळे खर्चावर सक्तीची मर्यादा घालता येणार नाही. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचा कायदा देणगीपाशी पहारा ठेवतो. एका व्यक्तीने एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५०० डॉलरहून अधिक देता कामा नये. कंपन्यांनी उमेदवाराला देणगी देऊ नये. देणगीदारांची नावे आणि खर्चाचे तपशील ठरलेल्या तारखांना जाहीर करावेत. असे त्याचे मुख्य नियम आहेत. उमेदवाराने सार्वजनिक निधीतून साहाय्य घेतले, तर मात्र त्याला खर्चाची मर्यादा स्वखुशीने मान्य करावी लागते आणि त्याच्या हिशेबाची तपासणीही होते.

आता यातून एक पळवाट निघते. उमेदवाराला पाचशेहून अधिक देता येत नाही. पण त्याच्यापासून अलिप्त राहून त्याच्यासाठी प्रचार करणाऱ्या समितीला हवे तेवढे देता येते. तसेच एखाद्या प्रस्तावावर मतदारांचा कौल घ्यावयाचा असेल, तर त्या प्रस्तावाच्या प्रचारासाठी स्थापन केलेल्या समितीलाही देणगीची मर्यादा नसते. मग ही समिती खरोखरच अलिप्त आहे की उमेदवाराचाच दुसरा खिसा आहे, हा प्रश्न उपस्थित होतो. गंभीर तक्रारींपैकी अनेकांचे मूळ या प्रश्नात असते.

हा गुंता आपल्यालाही परका नाही. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या १९७४ च्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले होते की, उमेदवाराच्या संमतीने वा त्याच्या जाणिवेत पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च हा त्याच्याच खर्चात धरला पाहिजे. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून पक्षाच्या व मित्रांच्या खर्चाला त्यातून वगळण्यात आले. पुढे २००३ साली ही सवलत बरीच आकुंचित करण्यात आली. पैसा कोणी खर्च केला यापेक्षा तो कोणाच्या सांगण्यावरून खर्च झाला, हा प्रश्न दोन्ही देशांत सारखाच कठीण आहे.

तक्रारीचा प्रवास

कोणाही व्यक्तीला आयोगाकडे शपथेवर तक्रार करता येते. आयोग स्वतःहूनही चौकशी हाती घेऊ शकतो. शहराच्या कर्मचाऱ्याने तक्रार केली म्हणून त्याच्यावर सूड उगविला जाऊ नये, यासाठी वेगळे संरक्षण आहे. मात्र केवळ संशय पुरेसा नाही. कोणत्या नियमाचा भंग झाला हे तक्रारीत नेमके सांगावे लागते आणि चौकशी करण्याजोगी तथ्ये त्यात असावी लागतात. ‘अमुक उमेदवार भ्रष्ट आहे’ हे मत झाले. ‘अमुक तारखेच्या हिशेबात अमुक देणगी दाखविलेली नाही, आणि तिचा हा कागद’ ही तक्रार झाली.

तक्रारीत तथ्य दिसले की आयोग ती लगेच दोन ठिकाणी पाठवितो : सरकारी अभियोक्त्याकडे आणि शहराच्या विधी अधिकाऱ्याकडे. कारण तोच व्यवहार फौजदारी गुन्हा असू शकतो, किंवा त्यावर दिवाणी दावा होऊ शकतो. या दोघांनी कामकाजाच्या दहा दिवसांत लेखी कळवावयाचे की, ते स्वतः चौकशी करणार आहेत किंवा नाहीत. दोघेही करणार नसतील, तर आयोगाने चौकशी हाती घ्यावयाची.

यापुढची तरतूद प्रत्येक कार्यालयाने ध्यानात घ्यावी अशी आहे. त्या दोघांचा नकार कळल्यापासून चौदा दिवसांच्या आत आयोगाने तक्रारदाराला लेखी कळवावे लागते की, तुमच्या तक्रारीवर आम्ही काय केले, किंवा काय करणार आहोत, आणि त्याची कारणे कोणती. काहीच करावयाचे नसेल, तर त्याचीही कारणे द्यावी लागतात. निर्णय झालेला नसेल, तर विलंब का झाला हे कळवावे लागते. म्हणजे मौन हे उत्तर होऊ शकत नाही.

चौकशी आयोगाचे कर्मचारी करतात. बँकेची खाती, भाड्याच्या पावत्या, पगाराच्या नोंदी, पत्रव्यवहार तपासले जातात, साक्षी घेतल्या जातात. त्यानंतर प्रश्न येतो तो प्रथमदर्शनी आधाराचा, म्हणजे भंग झाला असावा असे मानण्यास पुरेसे कारण आहे काय याचा. हा निष्कर्ष काढण्यापूर्वी किमान एकवीस दिवस आधी संबंधित व्यक्तीला नोटीस द्यावी लागते. नोटिशीबरोबर पुराव्याचा सारांश द्यावा लागतो, आणि तिला स्वतः हजर राहण्याचा व वकील देण्याचा हक्क आहे हेही सांगावे लागते.

आधार आहे असे ठरले, तर आयोग जाहीर सुनावणी घेऊ शकतो. तेथे भंग सिद्ध झाला, तर आयोग तीन प्रकारचे आदेश देऊ शकतो : गैरप्रकार थांबविण्याचा, राहिलेली विवरणे सादर करण्याचा आणि दंड भरण्याचा. दंडाची कमाल मर्यादा प्रत्येक भंगामागे ५,००० डॉलर, किंवा लपविलेल्या अथवा बेकायदा दिल्या-घेतल्या रकमेच्या तिप्पट, यांपैकी जी मोठी असेल ती. ही रक्कम शहराच्या सर्वसाधारण निधीत जमा होते. भंग झालेला नाही असे ठरले, तर तसे निवेदन प्रसिद्ध करणेही आयोगावर बंधनकारक आहे. ज्याच्यावर आळ आला, त्याचा निर्दोषपणाही तितक्याच उघडपणे सांगितला जावा, हा त्यामागील हेतू होय.

प्रत्यक्षात पूर्ण सुनावणीपर्यंत थोडीच प्रकरणे पोहोचतात. बरीच प्रकरणे संमतीने मिटतात. संबंधित व्यक्ती आपल्या हातून झालेला भंग लेखी मान्य करते, दंडाची रक्कम ठरते आणि तो करार आयोगाच्या बैठकीत मंजुरीसाठी ठेवला जातो. करार मंजूर झाला की त्यातील तथ्ये सर्वांना वाचावयास मिळतात.

गुप्तता आणि मतदाराचा हक्क

प्रथमदर्शनी आधाराचा निर्णय होईपर्यंत चौकशी गुप्त ठेवावी, असे सनद सांगते. आयोगाच्या सदस्याने किंवा कर्मचाऱ्याने ती फोडली, तर ते गैरवर्तन ठरते आणि त्याला पदावरून दूर करण्यास तेवढे कारण पुरते. प्रथमदर्शनी आधाराची बैठकही खासगी असते. ती उघड व्हावी असे वाटल्यास ज्याच्यावर आरोप आहे त्यालाच तशी लेखी मागणी करता येते.

या गुप्ततेचे कारण आपल्याला सहज पटेल. निवडणुकीच्या दिवसांत तक्रारअर्ज हे एक स्वस्त हत्यार असते. अर्ज द्यावा, त्याची प्रत वर्तमानपत्रांना द्यावी आणि ‘याची चौकशी चालू आहे’ असे गावभर सांगत सुटावे, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. त्या अर्जावर आयोगाचा शिक्का बसल्यासारखा होऊ नये, म्हणून आयोगाने तोंड बंद ठेवावयाचे.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. मतदाराला माहिती हवी असते ती मतदानापूर्वी. आता मुदतींचा हिशेब करून पाहा. अभियोक्ता व विधी अधिकारी यांनी आपले दहा कामकाजी दिवस पूर्ण घेतले, तर दोन आठवडे गेले. नोटिशीचे एकवीस दिवस, म्हणजे आणखी तीन आठवडे. प्रत्यक्ष चौकशीला एकही दिवस लागला नाही असे धरले, तरी पाच आठवडे झाले. म्हणजे मतदानाला महिना उरला असताना आलेल्या तक्रारीचा निकाल, या मुदती पुऱ्या वापरल्या गेल्यास, मतदानापूर्वी लागू शकत नाही. निरपराध उमेदवाराला संरक्षण देणारी पायरीच अपराधी उमेदवाराला वेळ मिळवून देते. हा पेच कोणत्याही नियमाने पुरता सुटलेला नाही.

दोन प्रकरणे

या पेचाचे परिणाम दोन प्रकरणांत स्पष्ट दिसतात. व्यक्तींच्या नावांना आपल्या दृष्टीने महत्त्व नाही, प्रवासाला आहे.

पहिले प्रकरण २०१० च्या निवडणुकीचे. एका प्रभागातून सुपरवायझरपदाचा उमेदवार अगदी थोड्या मतांनी विजयी झाला. त्याच्या प्रचाराच्या सल्लागाराने एका ‘अलिप्त’ समितीशी संधान बांधले होते, अशी तक्रार झाली. त्या समितीकडील खर्च सुमारे १ लाख ९१ हजार डॉलर होता. राज्याच्या आयोगाचा निर्णय यावयास २०१४ साल उजाडले. सल्लागाराला दंड झाला; उमेदवाराला स्वतःला याची कल्पना नव्हती, म्हणून राज्याच्या आयोगाने त्याला जबाबदार धरले नाही. त्यानंतर शहराच्या आयोगाने जवळपास ती सर्व रक्कम शहराकडे भरण्याची मागणी केली. शहराच्या कायद्यात कारवाईसाठी चार वर्षांची मुदत आहे. ती संपली आहे आणि माझा यात दोष नाही, असे म्हणून उमेदवार न्यायालयात गेला. अखेर २०१६ साली २५ हजार डॉलरवर तडजोड झाली. सहा वर्षे गेली आणि मागितलेल्या रकमेच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शावर प्रकरण संपले. तक्रार करणाऱ्याला पूर्ण न्याय मिळाला असे वाटले नसेल, आणि उमेदवाराच्या डोक्यावरही सहा वर्षे टांगती तलवार राहिली. विलंबाने दोन्ही पक्षांचे नुकसान केले.

दुसरे प्रकरण २०२४ च्या महापौरपदाच्या निवडणुकीचे. त्याच मतदानात शहरातील विविध आयोगांची संख्या कमी करण्याचा एक प्रस्ताव मतदारांपुढे होता. एका उमेदवाराने त्या प्रस्तावाच्या प्रचारासाठी समिती स्थापन केली होती आणि तिला देणगीची मर्यादा नव्हती. कार्यालयाचे भाडे व कर्मचाऱ्यांचे पगार यांसारखा सामाईक खर्च या समितीवर प्रमाणाबाहेर टाकून उमेदवाराने आपल्या प्रचाराचा भार हलका केला, असा आक्षेप होता. या वेळी काही महिन्यांतच चौकशी पार पडली. उमेदवाराने करार मान्य केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे १ लाख ८ हजार डॉलरचा दंड ठरला. शहराच्या सदाचार आयोगाच्या तोपर्यंतच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा दंड होता.

ही बातमी मतदारांपर्यंत आली ती मतदानाच्या तोंडावर. कॅलिफोर्नियात प्रत्येक नोंदणीकृत मतदाराकडे टपालाने मतपत्रिका महिनाभर आधीच रवाना होते. त्यामुळे अनेकांनी मत देऊन टाकल्यावर ही तथ्ये उघड झाली. तो उमेदवार निवडून आला नाही. परंतु दंडामुळेच पराभव झाला असे म्हणण्यास आधार नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, सहा वर्षांऐवजी काही महिने लागले तरीसुद्धा मतदाराच्या दृष्टीने ते थोडे उशिराचेच ठरले.

आपल्याला यातून काय घेता येईल

आपली व्यवस्था निराळी आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्यघटनेच्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनंतर, १९९४ पासून, राज्य निवडणूक आयोगाच्या कक्षेत आहेत. सॅन फ्रान्सिस्कोसारखा आयोग प्रत्येक शहरात असावा, असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. तथापि तक्रार हाताळण्याची रीत ही कोणत्याही कार्यालयाला उपयोगी पडणारी वस्तू आहे. ग्रामपंचायतीतील अर्ज असो, शाळा समितीविषयीचे गाऱ्हाणे असो किंवा पंचायत समितीतील कामाचा हिशेब असो, पायऱ्या बहुतांशी त्याच असतात.

पहिली गोष्ट तक्रारदाराने शिकण्याची. रागाचे शब्द कमी करावेत. तारीख, रक्कम, नियम आणि कागद पुढे ठेवावा. शिक्षक मंडळी वरच्या वर्गांतील मुलांना अर्जलेखन शिकवितात. त्यात तक्रारअर्ज आणि आरोप यांतील हा फरक समजावून दिला, तर ते नागरिकशास्त्राचे उत्तम पाठ ठरतील.

दुसरी गोष्ट अधिकाऱ्यांनी करण्याची. अर्ज निकालात काढताना कारण लिहावे. ‘सबब अर्ज दप्तरी दाखल’ एवढ्या शेऱ्याने कागद हलतो, पण माणसाचे समाधान होत नाही. ज्याला कारण कळते, तो निर्णय विरुद्ध गेला तरी संस्थेवर विश्वास ठेवू शकतो. ज्याला काहीच कळत नाही, तो पुढच्या वेळी अर्ज न करता थेट चावडीवर आरोप करतो.

तिसरी गोष्ट आपण लोकप्रतिनिधींनी स्वीकारण्याची. आपल्याविरुद्ध तक्रार झाली की तो अपमान समजण्याची आपली प्रवृत्ती असते. परंतु ज्या व्यवस्थेत तक्रारीला रीतसर वाट आहे, त्या व्यवस्थेतच निर्दोष माणसाला रीतसर निर्दोष ठरता येते. जेथे वाट नाही, तेथे कुजबुज असते, आणि कुजबुजीला ना सुनावणी असते, ना निकाल.

आणि सर्वांत शेवटी, मुदत. सॅन फ्रान्सिस्कोच्या सनदेत पंधरवडे आणि आठवडे मोजून लिहिले असूनही एक प्रकरण सहा वर्षे रेंगाळले. कारण चौकशी प्रत्यक्ष किती काळात संपावी, हे बव्हंशी मनुष्यबळावर आणि निर्धारावर अवलंबून असते. कायदा चांगला असणे ही सुरुवात झाली. तो राबविणारे हात पुरेसे आहेत काय, त्यांच्यावर कोणाचा दाब आहे काय, आणि त्यांच्या टेबलावरील सर्वांत जुना कागद किती जुना आहे, हे विचारीत राहणे हे नागरिकांचे काम आहे. आपल्या कार्यालयात परत गेल्यावर आपण प्रत्येकाने तो सर्वांत जुना कागद एकदा काढून पाहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.